वानगी की आमंत्रण?

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी ज्या एका प्रकरणाचा निकाल दिला, त्यातील वादाची रक्कम खर्चासह अवघी १५,००० रुपये होती. तक्रारदार औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एक शिक्षिका. विरुद्ध बाजूस मुंबईची यशराज फिल्म्स ही मातबर चित्रपटसंस्था. १५ एप्रिल २०१६ रोजी या संस्थेचा ‘फॅन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याआधी कित्येक दिवस ‘जबरा फॅन’ हे गाणे दूरचित्रवाणीवर सारखे दाखवले जात होते. त्याच्या अनेक भाषांत आवृत्त्या निघाल्या. मराठी आवृत्ती अवधूत गुप्ते यांनी गायिली. गाणे पाहून शिक्षिका कुटुंबासह चित्रपटास गेल्या. चित्रपट संपला, पण गाणे आलेच नाही. मुले हिरमुसली आणि त्या रात्री जेवली नाहीत, असे त्यांनी तक्रारीत नमूद केले होते. जिल्हा मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देवविला, राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये तो आदेश उचलून धरला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

एका गाण्यासाठी आठ वर्षे चाललेला हा वाद हसण्यावारी नेण्याजोगा आहे, असे पुष्कळांस वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. चित्रपटाचा ट्रेलर आपल्याशी बोलतो म्हणजे नेमके काय करतो, आणि त्या बोलण्याची जबाबदारी कोणावर, हा नीतीचा जुना प्रश्न या प्रकरणाने नव्या वेषात पुढे आणला. आमच्या मते न्यायालयाचा निर्णय बरोबर आहे आणि त्या शिक्षिकेची तक्रारही बरोबर आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, तेच येथे पाहावयाचे आहे.

न्यायमूर्ती पी. एस. नरसिंह व न्यायमूर्ती अरविंद कुमार यांच्या पीठाचे म्हणणे थोडक्यात असे. प्रचारासाठी काढलेला ट्रेलर हा निर्मात्याचा एकतर्फी उद्गार होय. प्रेक्षकाने तिकीट काढावे म्हणून त्यास उद्युक्त करणे, एवढाच त्याचा हेतू. करार जुळतो तो तिकीट काढताना, आणि तो व्यवहार ट्रेलरहून स्वतंत्र असतो. ट्रेलर हा कायद्याच्या अर्थाने प्रस्तावच नव्हे, मग त्यातून वचन कोठून निघणार? शिवाय जेथे कला विकली जाते तेथे कलावंतास काही मोकळीक असणारच. राष्ट्रीय आयोगाची दृष्टी साध्या माणसाची होती. जे दाखवून बोलावले तेच आत नसेल, तर येणाऱ्यास फसल्यासारखे वाटणारच. निर्मात्यांचे सांगणे होते की, हे गाणे केवळ प्रसिद्धीपुरते आहे हे आधीच जाहीर केले होते. केले असेलही; पण जी मुले गाणे पाहून हट्ट धरतात, ती निर्मात्यांची निवेदने वाचत नाहीत.

आपल्या व्यवहारात या दोन दृष्टींसाठी दोन साधे शब्द आहेत. एक वानगी, दुसरा आमंत्रण. हुबळी हे पिढ्यान्‌पिढ्या कापूस, मिरची आणि धान्याच्या व्यापारावर वाढलेले गाव. येथे वानगी म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगणे नको. व्यापारी पोत्यातील मूठभर दाणे तळहातावर घेऊन दाखवतो आणि त्यावर सौदा ठरतो. तळहातावरचा दाणा आणि पोत्यातला दाणा एकच असला पाहिजे. तसा नसेल तर त्या दुकानाची पत गेली. शितावरून भाताची परीक्षा करतात ती याच भरवशावर. आमंत्रणाचे तसे नसते. लग्नपत्रिकेत जेवणाचे पदार्थ छापत नाहीत. ‘अगत्य येण्याचे करावे’ एवढेच लिहिलेले असते. पंगतीत जिलेबी नव्हती म्हणून यजमानास कोणी जाब विचारत नाही. विचारला तर लोक विचारणाऱ्यालाच हसतील.

सर्वोच्च न्यायालयाने ट्रेलर आमंत्रणाच्या बाजूस ठेवला. शिक्षिकेने तो वानगी म्हणून घेतला होता. आणि आमचे म्हणणे असे की, ट्रेलरची भाषाच अशी घडवलेली आहे की पाहणाऱ्याने तो वानगी म्हणूनच घ्यावा.

ही भाषा जरा जवळून पाहू. तिची लिपी म्हणजे दृश्ये, आणि ती दृश्ये खुद्द चित्रपटातून उचललेली असतात. वर्तमानपत्रातील जाहिरात चित्रपटाविषयी बोलते, भिंतीवरचे पोस्टर चित्रपटाचे चित्र दाखवते. ट्रेलर चित्रपटाचाच तुकडा कापून हातावर ठेवतो. ‘हा घ्या, याच पोत्यातला आहे’ असे तो तोंडाने कधीच म्हणत नाही. त्याच्या रूपातच ते म्हटलेले असते. पण दाणे मात्र सहज मूठ भरून घेतलेले नसतात. एकेक दाणा पारखून, पुसून, विशिष्ट क्रमाने मांडलेला असतो. दोन तासांतील सर्वांत मोठा स्फोट, सर्वांत देखणा सूर्यास्त आणि सर्वांत टाळीचे वाक्य दोन-अडीच मिनिटांत एकामागून एक येते. एका प्रसंगातला प्रश्न आणि भलत्याच प्रसंगातली नजर शेजारी ठेवली की ती नजर त्या प्रश्नाचे उत्तर होऊन बसते. रशियातील लेव्ह कुलेशॉव्ह याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी हेच प्रयोगाने दाखवले होते. एकाच नटाचा निर्विकार चेहरा कधी वाटीभर रश्श्यापुढे, कधी शवपेटीपुढे ठेवला, तर पाहणाऱ्यास त्या चेहऱ्यावर कधी भूक दिसते, कधी शोक. मध्येच पडदा क्षणभर काळा होतो, नगाऱ्यासारखा एक खोल ठोका पडतो, सगळे शांत होते, आणि त्या शांततेत एकच वाक्य ऐकू येते. मग नाव, तारीख, संपले. यात खोटे असे एकही चित्र नसते. तरीही सगळे मिळून जे सांगितले जाते ते चित्रपटात असेलच असे नाही. प्रत्येक दाणा खरा आणि मूठ मात्र फसवी, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

‘ट्रेलर’ या शब्दाची हकीकत मोठी गमतीची आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ मागून ओढत येणारा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत हे तुकडे सुरू झाले, तेव्हा ते मुख्य चित्रपटानंतर दाखवीत, म्हणून हे नाव पडले. खेळ संपला की लोक उठून जातात हे मालकांच्या लवकरच ध्यानात आले. वरातीमागून निघालेले घोडे पुढे आणून बांधले गेले. नाव मात्र मागचेच राहिले.

असो. लोकांस खेळाकडे ओढण्याची कला काही अमेरिकेने शोधलेली नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भारती वृत्तीची चार अंगे सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच अंग प्ररोचना, म्हणजे प्रेक्षकाच्या मनात रुची उत्पन्न करणे. कवीची थोरवी सांगावी, प्रेक्षकांच्या रसिकतेची स्तुती करावी, आज घडणाऱ्या प्रयोगाविषयी उत्सुकता वाढवावी. हे काम सूत्रधाराचे. आपल्याच मुलखातल्या, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणले, त्यातही हा सूत्रधार मराठी माणसासमोर आला. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि संगीत नाटकांचा नाद तेव्हाच्या आमच्या घरांत चांगलाच मुरलेला होता. आमच्यातील वडील पिढीच्या कानांत नांदीचे सूर अजूनही आहेत.

कालिदासाच्या शाकुंतलाची प्रस्तावना आम्हांस जगातील सर्वांत सुंदर ट्रेलर वाटते. सूत्रधार नटीस ग्रीष्मऋतूवर एक गीत म्हणावयास सांगतो. ती गाते. सगळी सभा चित्रासारखी स्तब्ध होते आणि सूत्रधारही इतका रंगतो की आज कोणते नाटक करावयाचे तेच विसरतो. नटीच त्यास आठवण करून देते. तेव्हा तो म्हणतो की, तुझ्या गाण्याने मला असे ओढून नेले, जसे त्या हरिणाने दुष्यंत राजास. आणि लगेच राजाचा रथ रंगभूमीवर येतो. कथेतील एक अक्षरही उघड न करता कवीने नाटकाचे मर्म, म्हणजे विस्मरण आणि ओळख, सूत्रधाराच्या विसरण्यातून आधीच चाखावयास दिले.

आता गंमत अशी की, नटीचे ते ग्रीष्मगीत नाटकाच्या कथेत पुन्हा कोठेही येत नाही! म्हणजे नेमका ‘जबरा फॅन’चाच प्रकार. मग कालिदासावर कोणी फिर्याद का केली नाही? आमच्या मते कारण एकच. तेथे सूत्रधार देहाने समोर उभा आहे. बोलणारा कोण, तो कशासाठी बोलतो आहे, आणि त्याचे बोलणे संपून नाटक कोठे सुरू होते, हे सभेतील शेवटच्या माणसासही दिसते. नटीचे गाणे उंबरठ्याबाहेरचे आहे हे सर्वांना ठाऊक असते. ते वानगी म्हणून कोणी घेतच नाही. तमाशातील गण-गवळण किंवा कीर्तनातील पूर्वरंग यांचेही असेच आहे. आजच्या ट्रेलरमध्ये हा सूत्रधारच नाहीसा झाला आहे. विक्रेता दिसत नाही. मालच स्वतः बोलू लागतो.

हा फरक ध्यानात घेतला की काही जुन्या गोष्टींचा उलगडा होतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. पुढे सुरतेस प्रेक्षक मिळेनात, तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तेही अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात त्यांनी दिल्याचे सांगतात. या जाहिरातीचा हिशेब कोणी करीत नाही, म्हणून आम्ही करून पाहिला. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांस सोळाने भागले तर सुमारे ३,५६० फूट होतात, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट नोंदलेली आहे. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ प्रामाणिक! पण मैल ५,२८० फुटांचा. दोन मैल तर सोडाच, ती फीत पाऊण मैलही भरत नाही. तरी फाळक्यांस कोणी लबाड म्हटले नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. ती दारात उभे राहून दिलेली ललकारी होती. ललकारीत दोन मैल चालतात. तळहातावरच्या दाण्यात चालत नाहीत.

आल्फ्रेड हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’साठी काढलेला ट्रेलर याच जातीचा. सुमारे सहा मिनिटे हिचकॉक स्वतः त्या धर्मशाळेत आणि शेजारच्या घरात आपल्यास फिरवतो, येथे काय भयंकर घडले ते अर्धवट सांगत जातो, आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो. आत किंचाळणारी बाई असते. ती चित्रपटातील त्या प्रसंगाची नायिका जॅनेट लीसुद्धा नव्हे; केसांचा टोप घातलेली व्हेरा माइल्स, म्हणजे चित्रपटातील तिची बहीण. उघडउघड लबाडी! पण सूत्रधार हजर होता, आणि फिरवून आणतो आहे हे हसतच सांगत होता. चित्रपट सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असाही त्याने नियम घातला. रहस्य राखले ते चित्रपटासाठीच. गल्ल्यासाठीही राखले असेल. हिचकॉकला दोन्ही जमत असे.

दुसरी कसोटीही येथेच हाती लागते. जे लपवले ते कोणासाठी लपवले? ‘फॅन’नंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. अजय-अतुलच्या गाण्यांनी महाराष्ट्र आधीच वेडा झाला होता. लोक चित्रगृहात खुर्च्यांपुढे नाचत होते. प्रसिद्धीत गाणी होती, विहीर होती, प्रेम होते. शेवट कोठेही नव्हता. शेवटच्या काही क्षणांत पडद्यावरील आवाज बंद होतो, आणि नाचावयास आलेली माणसे गप्प होऊन बाहेर पडतात. हिशेबाच्या भाषेत ‘सैराट’ने ‘फॅन’हून कितीतरी मोठी गोष्ट दडवली होती. पण त्याबद्दल कोणी भरपाई मागितली नाही, कारण ते दडवणे हेच त्या चित्रपटाचे सांगणे होते. जी माणसे त्या दोघांच्या प्रेमावर टाळ्या पिटत होती, त्यांना आपण कोणत्या समाजात राहतो हे तसे अवचितच कळावयास हवे होते. आधी सांगितले असते, तर त्यांतील निम्मी आलीच नसती आणि उरलेली तयार होऊन आली असती. (पुढे २०१७ मध्ये त्याच कथेवर ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड चित्रपट आला, नायिकाही रिंकू राजगुरूच. ज्यांनी आधी मराठी पाहिला होता, त्यांच्यापासून लपवण्यासारखे त्या ट्रेलरपाशी काहीच उरले नव्हते.)

‘फॅन’मधून गाणे वगळले तेही, निःपक्षपाताने पाहता, चित्रपटाच्या भल्यासाठीच. त्या गडद कथेत नाचगाणे शोभले नसते, असे दिग्दर्शकास वाटणे स्वाभाविक आहे. चित्रपटातून गाणे काढले यात दोष मुळीच नाही. पण जे गाणे चित्रपटास नको होते, तेच तिकिटासाठी मात्र हवे होते. त्या शिक्षिकेचे बोट, तिला स्वतःला उमगले असो वा नसो, नेमके येथे होते. आत न शोभणारी वस्तू दारावर टांगावी, आणि ती आतलीच आहे असे समजणाऱ्यास कोणी आवर घालू नये, हे करारात बसत असेल. सभ्यतेत बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, आजचा प्रेक्षक काही भाबडा नाही. जाहिरात ती जाहिरात, हे लहान मूलही जाणते. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु तो मान्य करावयाचा तर, कोणाचेच काही खरे नसते हे आपण मुलांस आधीच शिकवून ठेवले आहे, असाही त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतही हा प्रश्न न्यायालयापुढे आला होता. ‘यस्टर्डे’ (२०१९) या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये आना दे आर्मास ही अभिनेत्री होती, चित्रपटातून तिची दृश्ये कापली गेली होती. दोन प्रेक्षकांनी २०२२ मध्ये दावा लावला. ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे पूर्ण संरक्षण हवे, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की, ट्रेलरमध्ये कितीही कल्पकता असली तरी तो मुळात जाहिरात आहे. ते प्रकरण पुढे अन्य कारणांनी मिटले. पण एकाच वस्तूस विकताना वानगी आणि जाब विचारताच कलाकृती म्हणावयाचे, ही दुहेरी सोय त्या एका वाक्याने नाकारली. आपल्याकडे चित्रगृहात दाखवावयाच्या ट्रेलरलाही प्रमाणपत्र लागते. ते देताना त्यात अश्लील, हिंसक काही आहे काय, हे पाहतात. ट्रेलर चित्रपटाशी जुळतो की नाही, हे पाहणे त्या मंडळाचे कामच नाही. आणि नसावेही. सरकारने रसाची मापे घेऊ नयेत.

मग ट्रेलर करणाऱ्याकडून मागावयाचे तरी काय? आमची मागणी माफक आहे. लपवावे, हवे तितके लपवावे. वाढवावे, दोन मैलांपर्यंत वाढवावे. बाहेरचे गीतही खुशाल गावे, पण ते बाहेरचे आहे हे गाणाऱ्याने तेथेच, त्याच पडद्यावर, मुलांस कळेल अशा अक्षरांत सांगावे. एका ओळीचे काम आहे. सूत्रधाराने दोन मिनिटे दर्शन द्यावे, इतकेच.

अलीकडे तर वानगी आहे आणि पोतेच नाही, अशीही अवस्था आली आहे. कधी चित्रित न झालेल्या चित्रपटांचे ट्रेलर संगणकाच्या कृत्रिम बुद्धीने बनवून लोकांच्या मोबाइलवर सोडले जातात. नट खरे वाटतात, आवाज खरे वाटतात, प्रदर्शनाची तारीखही असते. पाहणारा वाट पाहत राहतो. येथे तिकीट नाही, म्हणून करारही नाही. फिर्याद कोणावर करणार?

आमच्या जुन्या हुबळीच्या ओण्यांतून ट्रेलरचे आणखी एक रूप दिसते, ते वानगीतही बसत नाही आणि आमंत्रणातही नाही. मराठी चित्रपट आमच्या गावच्या पडद्यावर क्वचितच लागतो. हौशी मंडळी बेळगाव गाठतात, बाकीचे गाठत नाहीत. पण ट्रेलर येतो. पुण्या-कोल्हापूरचे नातेवाईक तो मोबाइलवर पाठवतात. घरातील म्हातारी माणसे चष्मा पुसून तो दोनतीनदा पाहतात. ही बोली साताऱ्याकडची की वऱ्हाडातली यावर थोडा वाद होतो, नायिका कोणाची मुलगी याची चौकशी होते, एखाद्या वाक्यावर हसू फुटते. चित्रपट पाहावयास मिळणार नाही हे सर्वांस ठाऊक असते, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. अडीच मिनिटांचे मराठी ऐकून झाले की मोबाइल पुन्हा मुलाच्या हाती दिला जातो.